न दिसणाऱ्या गोरिलांची शिरगणती

डिसेंबर 2019 मध्ये युगांडातून एक आकडा जाहीर झाला. ब्विंडीच्या जंगलात 459 पर्वतीय गोरिला आहेत. शेजारच्या विरुंगा पर्वतरांगेतली गणना 2015-16 मध्ये झाली होती, तिथे 604 भरले होते. पर्वतीय गोरिला जगात या दोनच ठिकाणी उरलेत आणि प्राणिसंग्रहालयांत त्यातला एकही नाही. त्यामुळे बेरीज मारली की झालं: 1063.

अशी बातमी आपण वाचतो, 'चला, वाढले म्हणायचे' असं मनाशी म्हणतो आणि पुढे जातो. पण 459 हा आकडा जरा चमत्कारिक नाही का? साडेचारशेच्या आसपास म्हटलं असतं तर पटलं असतं. नेमके 459 कसे? ब्विंडी म्हणजे काही मोकळं माळरान नव्हे. 331 चौरस किलोमीटरचं हे जंगल साधारण 1160 मीटरपासून 2600 मीटरपर्यंत चढत गेलेलं आहे. उभ्या दऱ्या, वेलींचं जाळं, गच्च नेचे, पायाखाली चिखल. उद्यानाच्या अधिकृत नावातच 'अभेद्य' असं विशेषण आहे. दीडशे किलोचा नर दहा फुटांवर बसलेला असला तरी पानांआड दिसत नाही. शिवाय तिथल्या निम्म्याच्या आसपास गोरिलांना माणसाची सवय नाही; चाहूल लागली की ते पसार होतात. म्हणजे मोजणाऱ्यांनी जे मोजले त्यातले बरेचसे त्यांना दिसलेच नव्हते.

मोजली गेली ती त्यांची विष्ठा. हे जरा नीट सांगतो, कारण गोरिला वाचवण्याच्या सगळ्या उद्योगाचा पाया इथे आहे, आणि बातम्यांत नेमका हाच भाग गाळला जातो.

गोरिला रोज संध्याकाळी नवीन घरटं करतो. घरटं म्हणजे झाडावरची काड्यांची वाटी नव्हे. जिथे मुक्काम पडेल तिथे बसायचं, आजूबाजूची झुडपं, पानं, फांद्या आत वाकवायच्या, अंगाखाली दाबायच्या आणि त्यावर आडवं व्हायचं. काही मिनिटांचं काम. तीन-चार वर्षांपर्यंतची पिल्लं आईजवळ झोपतात, बाकी प्रत्येकाचं घरटं वेगळं. सकाळी उठल्यावर गोरिला घरट्यातच किंवा काठावर विधी उरकतो आणि निघून जातो. कळप गेला तरी त्याचा हजेरीपट मागे राहतो.

तो वाचायचा कसा, हे जंगलातले माग काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणतात आणि संशोधकांनी त्याला मापं जोडली. विष्ठेच्या एका खंडाची रुंदी 7.2 सेंटिमीटरच्या वर असेल तर ती पूर्ण वाढलेल्या, पाठीवर रुपेरी केस आलेल्या नराची, म्हणजे सिल्व्हरबॅकची. त्याच्या घरट्यात ते रुपेरी केसही सापडतात. साडेपाच ते 7.2 सेंटिमीटर म्हणजे प्रौढ मादी किंवा तरुण नर. त्याहून लहान म्हणजे अर्धवट वयाची पोरं. मोठ्या विष्ठेशेजारी अगदी छोटीशी दिसली की समजायचं, आई आणि तान्हं. एखादं घरटं झाडोऱ्यात नजरेआड राहू शकतं, म्हणून एकाच रात्रीचा मुक्काम पाहून थांबत नाहीत. माग उलटा काढत लागोपाठ तीन रात्रींची ठिकाणं शोधायची, तिन्हींची मोजणी करायची, आकडे जुळतात का ते पाहायचं.

अनेक वर्षं गणना अशीच होत होती आणि ती चांगली मानली जात होती. 2006 साली ब्विंडीत पहिल्यांदा घरट्यांच्या मोजणीबरोबर त्यातल्या विष्ठेची डीएनए तपासणीही झाली. घरटी सांगत होती 336 गोरिला. डीएनए म्हणाला, 302. चौतीस गोरिला कागदावरच होते. कारण निघालं ते गमतीचं: काही गोरिला एका रात्रीत दोन-दोन घरटी करत होते. पहिलं आवडलं नाही, पाऊस आला, कुणी शेजारी नको झालं, काय असेल ते असो. माणूस नाही का कूस बदलून बदलून शेवटी दुसऱ्या खोलीत जाऊन झोपत!

आपल्याकडच्या वाचकाला यावरून वाघ आठवेल आणि आठवायलाच हवा. भारतात वाघांची गणना वर्षानुवर्षं पावलांच्या ठशांवरून व्हायची. एकाच वाघाचे ठसे चिखलात वेगळे, धुळीत वेगळे. मोजणाऱ्याच्या नजरेवर सगळी भिस्त. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये वाघ पार संपले तरी कागदोपत्री ते हयात होते, हे उघड झालं तेव्हा ती पद्धत मोडीत निघाली. मग कॅमेरे आले, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखणं सुरू झालं आणि 2006 च्या गणनेत देशाचा आकडा 1411 वर आला. गोरिलांच्या बाबतीत गफलत इतकी मोठी नव्हती, पण जातकुळी तीच. प्राण्याची खूण मोजायची आणि प्राणी मोजला असं समजायचं.

विष्ठेतला डीएनए येतो कुठून? अन्न आतड्यातून पुढे सरकताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी खरवडून बरोबर घेऊन येतं. त्या पेशी गोरिलाच्या. बाकी सगळा पाला, जंतू आणि पाणी. अडचण अशी की उष्ण, दमट जंगलात हा डीएनए भराभर तुटतो. म्हणून ताज्या विष्ठेचा छोटासा तुकडा अल्कोहोल भरलेल्या नळीत टाकतात, दिवसभर तिथे ठेवतात आणि मग सिलिका जेलच्या दाण्यांवर काढून सुकवतात. नवीन बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात त्यातले दाणे ते हेच. पाण्याचा अंश गेला की डीएनए प्रयोगशाळेपर्यंत टिकतो. तिथे जनुकसाखळीतल्या ठरावीक जागा तपासतात. त्या जागी काही अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, पण किती वेळा येतो ते प्रत्येकात वेगळं असतं. अशा पुरेशा जागा एकत्र पाहिल्या की सख्खी भावंडंही वेगळी ओळखता येतात. कोर्टात पितृत्वाचा दावा याच तत्त्वावर लागतो.

इतकं करूनही एक प्रश्न उरतोच. जो सापडला तो ओळखता आला. जो सापडलाच नाही त्याचं काय? म्हणून 2011 पासून ब्विंडीत एकाऐवजी दोन फेऱ्या करू लागले. 2018 मध्ये पहिली फेरी मार्च ते मे आणि दुसरी ऑक्टोबर ते डिसेंबर. पथकं जंगलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये फार मोठी फट न सोडता चालत जातात. ताजा माग दिसला की तो धरून घरट्यांपर्यंत. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

दोन फेऱ्यांचा फायदा एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. समजा, पहिल्या फेरीत 100 गोरिला सापडले. दुसऱ्या फेरीतही 100 सापडले, पण त्यातले 80 आधीचेच आणि 20 नवे. याचा अर्थ, पहिल्या फेरीत जे 100 आपल्याला माहीत झाले होते त्यातले दुसऱ्या फेरीला 80 हाती लागले. म्हणजे आपली जाळी शंभरातले ऐंशी पकडते. मग दुसऱ्या फेरीत मिळालेले 100 हेही एकूण संख्येच्या ऐंशी टक्केच असणार, तेव्हा एकूण झाले सुमारे 125. प्रत्यक्षात आपण 120 वेगवेगळे गोरिला नोंदवले, पाच अजून कुठेतरी आहेत. खरं गणित याहून किचकट असतं, कारण गोरिला कळपाने सापडतात आणि कळपाने निसटतात; एक सुटला की दहा सुटतात. पण मुद्दा हाच. दुसऱ्या फेरीत ओळखीचे चेहरे जितके जास्त, तितकं जंगल आपल्याला नीट कळलेलं.

म्हणून 459 हा आकडा 'किमान इतके तरी आहेतच' असा वाचायचा. आणि आणखी एक खबरदारी. 2006 मध्ये 302, 2011 मध्ये 400, 2018 मध्ये 459 अशी चढती रेघ काढून टाळ्या पिटायचा मोह होतो. 2006 ला एकच फेरी झाली होती, त्यात काही कळप निसटले असणार. 302 वरून 400 ही उडी काही अंशी गोरिलांची आहे आणि काही अंशी मोजणाऱ्यांची. उत्साही बातमीदार हे सांगत नाहीत. गणना करणारे संशोधक मात्र आपल्याच अहवालात स्वच्छ लिहून मोकळे होतात.

विरुंगाची गोष्ट आणखी जुनी आणि जास्त रक्तरंजित आहे. रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या तीन देशांच्या सीमा जिथे भेटतात तिथली ही ज्वालामुखींची रांग. गोरिलांचा इलाखा सगळा मिळून साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. 1959-60 मध्ये प्राणीशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी इथे साडेचारशे गोरिला असावेत असा अंदाज दिला. 1981 मध्ये तो 254 वर आला. मधल्या वीस वर्षांत काय झालं? शिकार झालीच, पण त्याहून मोठा घाव जमिनीवर पडला. 1960 च्या दशकाअखेरीस रवांडाने आपल्या उद्यानातलं सुमारे शंभर चौरस किलोमीटर जंगल तोडून तिथे पायरेथ्रम लावलं. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातलं पांढऱ्या फुलांचं झाड. त्या फुलांपासून कीटकनाशक बनतं आणि तेव्हा युरोपात त्याला चांगला भाव होता. म्हणजे गोरिलांचं निम्म्याच्या जवळपास जाणारं रवांडातलं घर डास-माश्या मारायच्या औषधापायी गेलं.

त्याच सुमारास, सप्टेंबर 1967 मध्ये, गोरिलांच्या अमेरिकन अभ्यासक डायन फॉसी यांनी करिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत तंबू ठोकला आणि दोन्ही नावं जोडून त्या जागेला करिसोके म्हणायला सुरुवात केली. फॉसींबद्दल बरंच लिहिलं गेलंय, 1985 च्या डिसेंबरात त्यांचा खून झाला हेही सगळ्यांना माहीत असतं. मला त्यांच्या कामातला सगळ्यात टिकाऊ भाग वाटतो तो वहीचा. रोज कळपाकडे जायचं आणि कोण हजर, कोण गैरहजर ते लिहायचं. हा रोजचा क्रम युद्ध आणि 1994 चा नरसंहार यांनी खंडित झाला, तरी पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि आजही चालू आहे.

ओळख पटवण्यासाठी करिसोकेची माणसं गोरिलांचं नाक पाहतात. गोरिलाच्या नाकपुड्यांच्या वर सुरकुत्यांची जी नक्षी असते ती प्रत्येकाची वेगळी. एका कागदावर नाकाचं रेखाटन, खाली नाव, आई कोण, जन्म कधी. सकाळी पथक काल जिथे कळपाला सोडलं होतं त्या जागी जातं, तिथून मोडलेल्या देठांचा, दाबलेल्या गवताचा माग काढत रात्रीच्या घरट्यांशी पोहोचतं, घरटी मोजतं आणि मग कळप गाठून हजेरी घेतं. कुणी लंगडतंय का, कुणाचं नाक वाहतंय का, कुणी मागे पडून बसलंय का.

हे शक्य होतं ते त्या कळपांना माणसाची सवय करून दिल्यामुळे. हे काम सुमारे दोन वर्षांचं. रोज तीच माणसं जातात, गोरिला पळतात. पुन्हा जातात, सिल्व्हरबॅक अंगावर धावून येतो. पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, खाली बसायचं, पाला चघळल्यासारखं करायचं आणि गोरिला समाधानाने काढतात तसा घसा साफ केल्यासारखा खर्जातला आवाज काढत राहायचं. एके दिवशी त्याला कंटाळा येतो आणि तो पाठ फिरवून खायला लागतो. ते झालं की काम फत्ते.

याचा फायदा किती, याचं उत्तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिलं. विरुंगातल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्या कळपांवर रोज नजर होती ते वर्षाला 4.1 टक्क्यांनी वाढले. ज्यांच्याकडे फक्त नेहमीची वनगस्त फिरायची, ते वर्षाला 0.7 टक्क्यांनी घटले. जंगल तेच, पाऊस तोच, पाला तोच. 4.1 टक्के म्हणजे सतरा-अठरा वर्षांत दुप्पट. संशोधकांच्या हिशेबाने या फरकातला चाळीस टक्क्यांपर्यंतचा वाटा जनावरांच्या डॉक्टरांचा होता.

हे डॉक्टर 1986 पासून विरुंगात आहेत. 'गोरिला डॉक्टर्स' याच नावाने ते ओळखले जातात आणि तिन्ही देशांत काम करतात. त्यांचा नियम साधा आहे: इजा जिवावर बेतणारी असेल किंवा माणसामुळे झालेली असेल तरच हात लावायचा. दोन नर भांडले आणि एकाचा कान फाटला, तर निसर्ग पाहून घेईल. पण हात फासात अडकला असेल तर जायचं. गोरिलाला दवाखान्यात आणत नाहीत, कारण कळपापासून तोडलेला गोरिला परत कळपात जाईल याची खात्री नसते. सगळं जागेवर. भूल दिलेलं पिल्लू एका बाजूला, चवताळलेल्या सिल्व्हरबॅकला थोपवून धरणारी माणसं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये चिखलात गुडघे टेकून तार कापणारा डॉक्टर.

फास गोरिलासाठी लावलेले नसतातच. गावातली गरीब माणसं छोट्या हरणासाठी लावतात. बांबूचं लवचिक खोड कमानीसारखं वाकवायचं, टोकाला तारेचा किंवा दोरीचा फास बांधायचा, तो जमिनीवर पसरून काटकीने अडकवून ठेवायचा, वर पालापाचोळा. पाय पडला की काटकी सुटते, बांबू ताठ होतो, फास आवळतो. मोठा गोरिला हिसडा देऊन सुटतो, पण तार मनगटात रुतून राहते. पिल्लाला तेही जमत नाही. विरुंगाच्या 2015-16 च्या गणनेत पथकांनी चालता चालता 380 हून अधिक फास शोधून मोडले. एका फासात मेलेला गोरिला होता.

2012 च्या जुलैत रवांडात घडलेली घटना इथे सांगायलाच हवी. कुर्यामा कळपाजवळ एक फास दिसला म्हणून माग काढणारा माणूस तो मोडायला पुढे सरसावला. सिल्व्हरबॅकने हुंकार देऊन त्याला थांबवलं. तेवढ्यात र्वेमा आणि दुकोरे ही चारेक वर्षांची दोन पोरं धावत आली. र्वेमाने वाकवलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुकोरेने फास सोडवला. मग माणसांना न दिसलेल्या दुसऱ्या फासाकडे जाऊन तोही निकालात काढला. काही दिवसांपूर्वीच त्यांच्या कळपातलं एक पिल्लू फासाच्या जखमेने मेलं होतं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली असणार.

आता दुसरी बाजू. गोरिलाचा डीएनए आपल्याशी सुमारे 98 टक्के जुळतो, हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं. डॉक्टरांना त्याची धास्ती वाटते. आपल्याला होणारं जवळजवळ सगळं त्यांना होऊ शकतं आणि त्यांच्या शरीराने आपले रोग पूर्वी पाहिलेले नाहीत. 2009 मध्ये रवांडातल्या हिर्वा कळपातल्या 12 पैकी 11 जणांना खोकला-सर्दी झाली. एक मादी आणि एक तान्हं दगावलं. त्यांच्यात सापडला तो माणसांत साध्या सर्दीतापाला कारण होणारा विषाणू. त्याआधी 1996 मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली होती, त्यातही एक पिल्लू गेलं. तेव्हा युगांडाच्या वन्यजीव डॉक्टर ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका नुकत्याच कामावर रुजू झाल्या होत्या. गोरिला शेतात उतरतात, तिथे बुजगावण्यांवर चढवलेले जुने कपडे हाताळतात, आणि खरूज बहुधा तिथूनच आली असावी. त्यांनी यावरून धडा घेतला आणि 2003 मध्ये संस्था काढली ती गोरिलांबरोबर आसपासच्या गावांतल्या माणसांच्या आरोग्याची. गावात क्षय, खरूज आणि जंत असतील तर जंगलात औषधं मारून उपयोग नाही.

म्हणूनच पर्यटकांना नियम लावलेत. एका कळपाकडे दिवसातून एकदाच आठ जण, एक तास, पंधरा वर्षांखालचं कुणी नाही, आजारी असाल तर परत. अंतर पूर्वी सात मीटर होतं, कोविडनंतर दहा मीटर आणि तोंडाला मास्क. कागदावर हे सगळं छान आहे. 2013 ते 2019 या काळात लोकांनी इन्स्टाग्रामवर टाकलेले असे 858 फोटो संशोधकांनी तपासले तेव्हा 86 टक्के फोटोंत माणूस आणि गोरिला यांच्यात चार मीटरसुद्धा अंतर नव्हतं. कधी गोरिलाच जवळ येतात हे खरं, पण दर वेळी नाही. इतके पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला 'मागे सरका' म्हणणं वाटाड्याच्या जिवावर येतं.

पैसे खरोखरच बरेच आहेत. एका तासाच्या भेटीचा परवाना रवांडात 1500 डॉलर, युगांडात 800. गोरिला टिकले त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गस्त, पगार, डॉक्टर, पर्यटक फारसे फिरकत नाहीत अशा उद्यानांचा खर्च, सगळं यातून निघतं. रवांडा उद्यानांच्या उत्पन्नातले दहा टक्के आसपासच्या गावांना देतं. ब्विंडीच्या कडेला नकुरिंगो भागात गोरिला केळीच्या बागांत शिरायचे, फळं सोडून खोडं फोडून आतला गाभा खायचे. तिथे जमीन विकत घेऊन मधला पट्टा राखला. जंगलाच्या कडेला काही ठिकाणी चहा लावला, कारण चहाची पानं गोरिलांना आवडत नाहीत. गोरिलांना हाकलून जंगलात परत घालायला गावकऱ्यांचीच पथकं तयार केली.

पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला बाट्वा आहेत. हे या जंगलांतले मूळचे शिकारी-संग्राहक लोक. 1991 मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं. शेती नव्हती म्हणून जमिनीची भरपाई नाही, जंगल राहिलं नाही म्हणून मध, औषध, शिकार नाही. आज पर्यटकांपुढे ते नाच करून दाखवतात. गोरिला वाचवण्याची किंमत ज्यांनी सगळ्यात आधी चुकवली, त्यांच्या हातात परवान्याच्या पैशातलं सगळ्यात कमी पडलं. आणि काँगोच्या बाजूला विरुंगा उद्यानात आजवर दोनशेहून अधिक वनरक्षक मारले गेलेत, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

पर्वतीय गोरिलांचं हे यश पाहून सगळ्याच गोरिलांचं बरं चाललंय असं वाटू शकतं. तसं नाही. 2018 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या याद्या करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने पर्वतीय गोरिलांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. त्याच वर्षी पश्चिमेकडच्या सखल जंगलांतल्या गोरिलांची संख्या सुमारे 3 लाख 62 हजार असल्याचा अंदाज आला, आणि ते मात्र अजून अतिसंकटग्रस्तच. हजारभर असलेले एक पायरी सुरक्षित आणि साडेतीन लाख असलेले जास्त धोक्यात, हे उफराटं वाटतं. यादी ठरवताना नुसती संख्या पाहत नाहीत, ती कुठल्या वेगाने आणि कुठल्या दिशेने चालली आहे तेही पाहतात. पश्चिमेचे गोरिला वर्षाला 2.7 टक्क्यांनी घटत होते आणि त्यातले ऐंशी टक्के संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहतात.

तिथे मोजणीही वेगळी करावी लागते. काँगो प्रजासत्ताक, गॅबन, कॅमेरून अशा देशांवर पसरलेल्या जंगलात प्रत्येकाची विष्ठा गोळा करणं अशक्यच. तिथे नकाशावर सरळ रेघा आखतात, त्यांवरून चालत जातात आणि वाटेत दिसलेली घरटी व त्यांचं रेघेपासूनचं अंतर नोंदवतात. लांबची घरटी कमी दिसतात, त्या प्रमाणावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. मग घरट्यांच्या त्या संख्येला, घरटं कुजून नाहीसं व्हायला जितके दिवस लागतात त्या आकड्याने भागायचं. हे दिवस पावसावर, झाडांच्या जातीवर बदलतात. कुजण्याचा काळ चुकीचा धरला की हजारो गोरिला कागदावर जन्मतात किंवा मरतात. त्यातच चिंपांझीही तिथेच घरटी करतात.

आणि तिथे इबोला आहे. काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी अभयारण्यात संशोधक 143 गोरिला एकेकाला ओळखत होते. 2002 च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत त्यातले 130 नाहीसे झाले. त्या परिसरात एकूण पाच हजार गोरिला मेले असावेत असा अंदाज आहे. रोज हजेरी घेणारी माणसं तिथे होती म्हणून निदान हे कळलं. ज्या जंगलात कुणी मोजत नव्हतं तिथे काय झालं असेल, त्याची नोंदच नाही.

पर्वतीय गोरिलांपुढे सध्या अगदी वेगळी अडचण उभी आहे. जागा संपत आलीय. उद्यानाच्या कुंपणाला लागून शेतं सुरू होतात; या भागात एका चौरस किलोमीटरवर शेकडो माणसं राहतात. करिसोकेच्या आसपासचे मोठे कळप 2007 नंतर फुटले, तेवढ्याच जागेत कळपांची संख्या वाढली, एकमेकांशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढले. दोन कळप भिडले की परका नर तान्ह्या पिल्लांना मारतो. त्या भागात पिल्लांचे मृत्यू वाढले आणि वाढीचा वेग मंदावला. फास मोडून, औषध देऊन यावर इलाज नाही.

रवांडाने आपलं उद्यान वाढवायची योजना आखलीय. आज ते 160 चौरस किलोमीटरचं आहे. पायरेथ्रमसाठी तोडलेल्या जमिनीवर आता दोन-तीन पिढ्यांची घरं आणि बटाट्याची शेतं आहेत, आणि ज्वालामुखीची ती काळी माती देशातल्या सगळ्यात सुपीक मातीपैकी आहे. तिथे बांबू आणि जंगली सेलरी, म्हणजे गोरिलांचं खाणं, पुन्हा उगवायचं तर सुरुवात बटाट्याच्या शेतांच्या मोबदल्यापासून करावी लागते.